कवळी

एमरिस प्रॉसर मंगळवारी सकाळी
आपल्या काचघरात, टोमॅटोंच्या मधोमध,
वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.
वय चौऱ्याऐंशी. हृदय, म्हणाली पोलीस लोरी,
आणि वहीचं पान उलटलं.
लोरी सव्वीस वर्षांची. बत्तीस दात, सगळे तिचेच.
तिला काय कळणार?

आम्हाला कळलं.
आम्ही म्हणजे मी, पोर्थ ग्लासच्या टपाल कचेरीत
अडतीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं वाचलेली;
इदवल, बसचा ड्रायव्हर, ज्याचा पाय
आरामखुर्चीतसुद्धा वळणावर ब्रेक शोधतो;
आणि टेगवेन, जी एका कानानं बहिरी आहे
आणि कुठल्या, ते सोयीनं ठरवते.

सांत्वनाला गेलो. सोबत सूप नेलं,
म्हणजे भांडं परत आणायला पुन्हा जाता येतं.
टेगवेन जिना चढली. सात पायऱ्या, दम, सात पायऱ्या.
वरून हाक आली: "दात इथे आहेत!"
उशाशी, पेल्यात, निळसर पाण्यात
एमरिस एकटाच हसत होता.

आणि खाली, काचघरात, बशीमध्ये
अक्रोडाच्या केकचा तुकडा.
चावलेला. स्वच्छ. चंद्रकोरीसारखा.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,
हे ऐकून होतो.
इथे दात वर होते, केक खाली होता
आणि घास मात्र गेला होता.

बिंगोच्या कागदामागे यादी केली.
मिसेस प्यू: कवळी.
पाद्री: अर्धी कवळी, रविवारी पूर्ण.
ब्लॉडवेन: एकच दात, तोही तिच्यावर रुसलेला.
आम्ही तिघं... असो.
उरला गेथिन, निवृत्त दंतवैद्य,
ज्यानं गावातल्या प्रत्येक तोंडाला बत्तीशी बसवली
आणि स्वतःची राखली.

मग क्लबच्या पावत्या काढल्या.
तीन वर्षांत हिरवळीला नऊ हजार पौंडांचं खत,
हिरवळीला ठाऊक नसलेलं.
सात या आकड्याच्या पोटात आडवी रेघ मारणारा
गावात एकच. त्याची बिलं मीच तर वाटली होती.
खजिनदार एमरिसलाही ती रेघ दिसली असणार.
चहात काय होतं, ते प्रयोगशाळेनं नंतर सांगितलं.

गेथिनला बोलावलं, हातात सफरचंद दिलं.
त्यानं चावा घेतला, करकरीत,
आणि टेगवेननं ते त्याच्या हातून काढून
सरळ पर्समध्ये टाकलं.
तो म्हणाला, "हे काय?"
टेगवेनचा तो कान नेमका बहिरा होता.
हत्तीचे खायचे वेगळे, दाखवायचे वेगळे.
याचे तेच होते, बिचाऱ्याचे.

लोरी आता गुरुवारी येते, वही घेऊन,
मऊ केक घेऊन.
इदवल तिला शिकवतो, आरशात मागे कसं बघायचं.

फक्त एकच.
माझी खालची कवळी सैल झाली आहे.
"स" म्हटलं की टकटकते,
जणू आत कोणी दार वाजवतंय.
दुसरा दंतवैद्य एकोणीस मैलांवर,
आणि इदवलची बस केव्हाच बंद झाली.
माझ्या हिरडीचा तो उजवा उंचवटा
जगात एकाच माणसाला पाठ आहे.

तुरुंगात भेटीची वेळ रविवारी, दोन ते चार.
कवळी रुमालात गुंडाळून ठेवली आहे.
सूप करते आहे.