अनवाणी पलटण

पणजीच्या दफ्तरखान्यात तीन शनिवार गेले
एका बाहीच्या रंगासाठी.
कसरीनं नेमका तोच शब्द खाल्लाय.
केंकरेबाई म्हणाल्या, निळा द्या ठोकून,
कोण येतंय तपासायला!
निशाणाचंही वर्णन नाही,
नुसता काठीचा खर्च:
पोफळीची, दोन तांगा.

इकडे म्हापशाला, जेवणाच्या टेबलावर
पेराएवढे ऐंशी शिपाई
राखाडी अस्तरात ताटकळलेले.

मग एका पानाच्या तळाशी
वळणदार पोर्तुगीज अक्षरांत सापडलं:
जोडे फक्त अधिकाऱ्यांना.
बाकी नावांपुढे रेघ.

त्या रात्री बाही तशीच ठेवून
मी पाय रंगवायला घेतले.
छटा कुठली?
टेबलाखाली वाकून पाहिलं.
डाव्या अंगठ्यावर लाल मातीचा डाग होता,
तोही दिला एकाला.