सात अंजीर, सी ब्लॉक

पहिल्या वर्षी पत्ते असे असायचे:
'सातव्या अंजिराखाली, लंगड्या कुत्र्याच्या अलीकडे,
हाजेर हानिमना मिळावे.'
आणि मिळायचे.
मी टपालवाला, बुटांना इथला चिखल तोंडपाठ.

येदीइंजीर. येदी म्हणजे सात.
झाडं मी मोजली होती, सहाच भरली.
सातवं कुणाच्या तरी गावाकडचं असणार,
बोचक्यात बांधून आणलेलं.

घरं रात्री उगवायची.
दिवस मावळला की विटा, पत्रा, मेव्हणे, उसना कंदील,
आणि उजाडायच्या आत छप्पर,
कारण छप्पर दिसलं की पालिकेचा माणूस
चहा पिऊन परत जातो, अशी समजूत.
माणूस जायचा कधीकधी.
बुलडोझर चहा पीत नसे.

हाजेरचं घर तीनदा पडलं.
चौथ्यांदा तिनं आधी दार उभं केलं.
भिंती नाहीत, नुसतं दार, आतून कडी लावलेलं,
आणि त्यामागे स्टुलावर बसून राहिली.
पोलिसांनी ठोठावलं.
बराच वेळ ठोठावलं.
बाजूनं वळून आत जावं
हे एकालाही कसं सुचलं नाही, कोण जाणे.

मग बस आली. बसमागून नळ, नळामागून निवडणूक,
की आधी निवडणूक? आता आठवत नाही.
गल्ल्यांना नावं मिळाली, पुढच्या सरकारात दुसरी.
दारावर निळा आकडा, त्यावर लाल.
जर्मनीची पत्रं थांबली, जर्मनीहून माणसं आली,
एकेका छपरावर एकेक मजला चढवला,
वर सळया तशाच उघड्या ठेवल्या
धाकट्याच्या लग्नासाठी.
सळया गंजल्या. धाकटा डेन्मार्कला.

आता मॉल आहे, त्याचं नाव 'इंजीर'.
आत अंजीर मिळतं,
सुकवलेलं, दोऱ्यात ओवलेलं, परगावचं.

परवा सी ब्लॉकखाली हलेबचा एक पोरगा,
पाठीवर डबा, हातात फोन,
फोनमधला निळा ठिपका रस्त्याच्या मधोमध अडकलेला.
नाव काय, विचारलं. म्हणाला, उबैदा.
तुझं नव्हे रे, पार्सलवरचं.
हाजेर, म्हणाला.

एकोणिसावा मजला. लिफ्टमधून डावीकडे.
सगळी दारं सारखी, एक सोडून:
लाकडी, ठेंगणं, चौकटीत न बसणारं,
बिल्डरशी दोन वर्षं भांडून लावलेलं.
ठोठावू नकोस, म्हटलं,
ठोठावणाऱ्याला ती उघडत नाही.
नाव घेऊन हाक मार.