गंगापूरच्या पाण्यावर शून्य

आधी शून्य शोधावं लागतं.
म्हणून फेब्रुवारीतल्या एका पहाटे
ओझरच्या धावपट्टीवरून उठलो
आणि गंगापूर धरणावर आठ फेऱ्या मारल्या.
पाणी असं, की त्याची घडी मोडली नव्हती अजून.
विमानाच्या पोटाखालचा अँटेना
खाली बघत होता; ऐकत होता म्हणा,
कारण पाणीही काही बोलतं
आपल्या कानांना न लागणाऱ्या पट्टीत.
निवांत असेल तर थंड बोलतं,
फेसाळलं की ऊबदार.
ती ऊब मोजायची, की वारा कळतो.
वाऱ्याला हात लावायचा नाही.

"वाऱ्याची मोट बांधायला निघालोय,"
खैरनार म्हणाले, "दोर तेवढा बघून घ्या."
निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते.
प्रत्येक केबल ते दोनदा ओढून बघत.
आठव्या फेरीला आकडा शून्यावर बसला
आणि बसून राहिला.
खाली कुणी एकटा मासेमार
होडीत उभा राहून आमच्याकडे बघत होता.

वारा सोपा. दाब अवघड.
दाबासाठी दोन सूर सोडायचे, जवळजवळ सारखे,
एक प्राणवायूच्या आवडीचा, दुसरा तितकासा नाही.
पाण्यावर आपटून दोघे परत येतात,
पहिला वाटेत खाल्लेला असतो.
किती खाल्ला, त्यावरून
मधल्या हवेचं वजन.

माझे वडील द्वारका चौकाजवळ पंक्चर काढायचे.
गेज होता, खिळ्याला टांगलेला, गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी.
ते टायरवर अंगठा दाबत: "चार पौंड कमी."
मी गेज लावायची.
चार पौंड कमी.
शाळेतून आल्यावर हाच खेळ,
आणि मी एकदाही जिंकले नाही.

जूनमध्ये अरबी समुद्रात ते उठलं.
त्याला नाव ठेवलं होतं कुणीतरी,
आम्हाला नावं ठेवायला वेळ नव्हता.
शलाका गांगुर्डे विमानात, मी हँगरमधल्या पडद्यासमोर,
चहाचा थर्मास, दहाव्या मैलावरचे गार वडे.
मग आकडे येऊ लागले,
सेकंदाला एक.

वारा अडतीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस.
दाब नऊशे नव्वद. ब्याऐंशी. चौऱ्याहत्तर.
पाऊस मधे आला, सूर बुडाले,
पडद्यावर नुसत्या रेघा.
खैरनार उभे राहिले. बसले.
पुन्हा उभे राहिले.
मग शलाकाचा आवाज, अगदी साधा,
भाजी आणायला गेल्यासारखा:
"डोळ्यात आहोत. वर आभाळ निळं आहे."
वारा चार.
दाब नऊशे अडुसष्ट.

तेव्हा माझी नजर टेबलावर गेली.
आमचा जुना बॅरोमीटर रोजच्यासारखा
नऊशे अडतीस दाखवत होता.
म्हणजे त्या डोळ्यापेक्षा हलकी हवा
मी रोज ओढते,
इथे, समुद्रापासून सहाशे मीटर उंच,
त्याच हवेत दुधाच्या पिशव्या आणते,
गॅसचा नंबर लावते.
खैरनारांना दाखवलं.
ते म्हणाले, "आकड्याला काय विचारता,
शेजारचा आकडा किती, ते विचारा."
आणि वडा खाल्ला.

रात्री ते किनाऱ्यावर चढलं आणि मोडलं.
आमच्यापर्यंत फक्त पत्र्याचा खडखडाट आला,
आडगावला दोन तास वीज नव्हती.

सकाळी मी विमानाचं पोट पुसायला घेतलं.
अँटेनाच्या झाकणावर पांढरट पापुद्रा होता.
बोटाने काढला, जिभेला लावला:
मीठ. नाशिकमध्ये, हँगरमध्ये,
दोनशे मैलांवरचं मीठ.
शलाका खुर्चीतच झोपली होती, बूट न काढता.

पुढच्या चाकापाशी वाकले
आणि कुणी बघत नाही असं बघून
टायरवर अंगठा दाबला.
बराच वेळ दाबून धरला.
काही कळलं नाही.
मग गेज आणायला गेले.