छातीइतक्या उंचीवर

ऑक्टोबर लागला की तोंकाआत्या मला शिडी काढायला लावते.
"डोंगरावरून बुरा सुटायच्या आत," म्हणते.
बुरा म्हणजे आमच्या बेटावरचा वारा. नावाला जागणारा.
एका रात्रीत कौलं समुद्रात नेऊन टाकतो
आणि सरूच्या अंगात शिरून
त्याला मोडक्या छत्रीसारखा उघडून ठेवतो.

फाटकाच्या दोन बाजूंना दोन सरू.
डावा सरळ, सुईत ओवावा असा.
उजव्याचं पोट सुटलेलं :
फळं फार धरतो, त्या गोट्यांच्या भारानं
फांद्या बाहेर कलतात
आणि मिटायला विसरतात.
आत्याचा जीव अर्थात उजव्यावर.

तार नको, तार साल खाते.
नायलॉनला दया नाही.
जाळ्याची जुनी दोरी आण, मिठात मुरून मऊ झालेली.
खालून वर जा, वळसे घेत,
लहान पोरीची वेणी घालतात तशी :
सैल नको,
आणि डोळे ताणले जातील इतकी घट्टही नको.
चिमण्यांना आत जाता आलं पाहिजे.

शेंड्याला हात लावलास तर याद राख.
शेंडा छाटलेला सरू म्हणजे
बोलता बोलता खाली बसवलेला माणूस.

पाणी पहिली तीन वर्षं. आठवड्यातून एकदाच, पण पोटभर.
नंतर चुनखडीत पाय रोवून तो कुठून काय पितो
ते आपण विचारू नये.

फांदी तांबूस पडली की निरोगी लाकडापर्यंत खाली जाऊन काप.
पात्याला राकिया चोळ. पुढच्या कापाआधी पुन्हा चोळ.
कापलेलं जाळ.
बाटलीत उरेल ती आत्याच्या गुडघ्यांसाठी,
पोटातून घ्यायची.

यंदा उजव्याच्या आत,
खोडापाशी सुकलेल्या काटक्या मोडताना
हाताला गाठ लागली.
निळी. माझी नव्हे, मी अशी बांधत नाही.
बोटीवरची गाठ, एकदा शिकली की जन्मभर हाताला येणारी.
जिला बांधली असेल ती आधाराची काठी
कधीच कुजून मातीला मिळालेली.
अर्धी दोरी सालीनं गिळलेली.

झाड वाढतं ते शेंड्याला.
बांधलेलं काही ते सोबत वर नेत नाही;
जिथं बांधलं तिथंच राहतं ते, साठ वर्षं,
झाड धुराड्याच्याही वर गेलं तरी.

येर्को आतोबा चिलीला गेले त्या वसंतात ही रोपं लावलेली.
पत्रं आली चार.
पाचव्या पाकिटावर बंदराचा शिक्का होता, आत काही नव्हतं.

"आत्या, इथं जुनी दोरी आहे. कापू?"

तिनं झाडू भिंतीला टेकवला, आली,
हिरव्यात कोपरापर्यंत हात घातला,
गाठ चाचपली, एकदा पुढून, एकदा मागून.
मग हात न काढताच म्हणाली,
"म्हणजे छाती इथं.
एवढाच होता की.
मी उगाच उंच समजत होते."

खाली धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा.
कुणी उतरलं असेल. तिनं वळून पाहिलं नाही.

"चावतेय का झाडाला?"
"नाही. सैल बांधलेली."
"मग गिळलंय ते राहू दे. ओढलंस तर साल सोलेल.
लोंबतंय तेवढं काप."

मी कापलं. वीतभर निळं सूत.
तिनं ते एप्रनच्या खिशात टाकलं.
लसणीच्या पाकळ्या होत्या त्यात, लावायच्या.

मग वळसे. मी झाडाभोवती फिरतोय, तिच्या हातात रीळ.
दोरी छातीइतक्या उंचीवर आली
तेव्हा तिनं हात ढिला सोडला.
बुरा आला तर तिथून थोडं उघडेल.
मला दिसलं.
मी शिडी लावली आणि वर गेलो.