हं

पुराची रेघ भिंतीवर माझ्या खांद्याला लागते.
गावभागात फर्निचर त्या रेघेवरून ठरतं,
म्हणून रॅक वर, कडप्प्याच्या फळीवर:
दोन प्रीॲम्प, कॉम्प्रेसर, एक जुना इको,
हप्ते अजून अकरा.
खाली फक्त चटया, आणि जे भिजलं तरी चालेल ते.

शमुवेलकाकांचा ॲम्प मिरजेहून रिक्षातून आला.
रूथनं चिठ्ठी चिकटवली होती:
विकवत नाही, घरात ठेववत नाही, तू बघ.
अठ्ठावीस किलो. रिक्षावाला धापा टाकत म्हणाला,
ताई, यात देव आहे काय?
बंद पडलेल्या टॉकीजच्या भंगारातला ट्रान्सफॉर्मर,
चार व्हॉल्व्ह, सागवानी पेटी,
तोंडावर हळदीच्या पोत्याचं कापड,
नाक जवळ नेलं की अजून मार्केट यार्ड.

हा भिजून चालणार नव्हता.
मी त्याला वर बसवला, रॅकला चिकटून,
एका बाकावरच्या दोन पोरांसारखा.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह सावकाश तांबूस झाले,
घाई नसलेल्या माणसासारखे.
आणि रॅकच्या सगळ्या वाटांतून एकच आवाज:
हं.
माईक बंद केला.
हं.
केबली बदलल्या, अर्थिंगची पट्टी घासली,
पंखा, ट्यूबलाइट, फोनचा चार्जर, सगळं काढलं.
हं.

दस्तगीरचाचा तंबोरा घेऊन आले होते, एका भजनाच्या ट्रॅकसाठी.
मान तिरकी करून ऐकत राहिले.
पांढरी पाच, म्हणाले. पण केसभर चढी.
मी माझी तार चढवू, की तो त्याची उतरवेल?
वीज मंडळाची तार आहे, चाचा.
ती कोण उतरवणार?

हा आवाज मला ओळखीचा होता, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पूर आला त्या रात्री काकांना फोन लावला होता.
पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर,
मी वरच्या मजल्यावर, बॅटरीच्या उजेडात,
काय काय गेलं ते एकेक सांगत होते:
मॉनिटर गेले. हार्मोनियम गेली.
आपण काढलेलं ते लग्नातलं रेकॉर्डिंग, तेही.
पलीकडून फक्त, हं.
धीर धर नाही, होईल सगळं नाही,
गोष्टीला हुंकार देतात तसं, हं,
पाचव्या पायरीपर्यंत, सहाव्या,
माझा फोन संपेपर्यंत.

संध्याकाळी पेटी जरा फिरवून पाहिली.
आवाज वाढला. उलटी फिरवली, उतरला.
म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं तोंड रॅककडे असलं की तो बोलतो,
कूस बदलली की गप्प.
कानाला हेडफोन, पोटाशी अठ्ठावीस किलो,
एक वीत, दीड वीत, काटकोनात,
चाचा तंबोऱ्याला टेकून सूचना देत होते,
थोडं पूर्वेला, अजून, आता श्वास घेऊ नका.

शेवटी दवाखान्याच्या लिलावातली ट्रॉली आणली,
रेघेच्या वर चार बोटं येते.
रॅकपासून तीन हात, पाठ खिडकीकडे,
वर काही ठेवायचं नाही, व्हॉल्व्हची धग जायला वाट हवी.
चाकांभोवती खडूनं खुणा केल्या.
जिन्यापर्यंत सात पावलं आहेत, मोजून ठेवलीत.

तंबोरा रेकॉर्ड झाला. मागं काही नाही, कोरा.
चाचा खाली रिक्षा बघायला गेले.
मी दार लोटलं,
खडूच्या खुणेतून एक चाक बाहेर ओढलं,
पेटी वळवली, रॅकच्या अंगानं, अर्धा हात,
आणि मग चटईवर बसून म्हटलं,
काका, अकरा हप्ते राहिलेत.