पलंग आधी जायचा

स्वारी निघायच्या आदल्या दिवशी
बैलगाडीतून पलंग निघायचा,
सुटे केलेले चार पाय गोणपाटात,
आणि शेजारी मी, मीरासाहेब फर्राश.

पुण्याकडचे सगळे मोठे दरवाजे
मी सरकारांच्या आधी ओलांडले.
केसनंदच्या इनामदारांची गढी, मुंढव्याची हवेली,
संगमाजवळचा तो बंगला, जिथं
आंघोळीलासुद्धा जिना उतरावा लागे.
मालक स्वतः सामोरे यायचे. माझ्याशी, हो, माझ्याशी
अदबीनं बोलायचे, मग बाजूला घेऊन:
माणसं किती? हत्ती येणार का?
हत्ती म्हटल्यावर केसनंदच्या कारकुनानं
वहीवर दौत लवंडली होती.
एक हत्ती चार दिवस राहिला, की गावाचा कडबा संपतो.

माझं काम एवढंच:
पलंग जोडायचा, पाय डुगडुगतो का बघायचं,
आणि एक रात्र त्यावर झोपायचं.
ढेकूण असले तर मला चावावेत,
आढ्यावरची पाल माझ्या छातीवर पडावी,
आणि दुसरं काही असलंच
तर तेही माझ्याच.
हे कुणी बोलत नसे.

अशी सव्वीस वर्षं मी
ओल्या चुन्याच्या वासात झोपलो.
पलीकडच्या खोलीत नवरा-बायको कुजबुजत.
पाटल्या, सावकार, पुन्हा पाटल्या.
पहाटेपर्यंत आकडेच.

सकाळी चौघडा झडे. सरकार येत,
भिंतीला हात टेकून जोडे काढत,
तळवा पांढरा होई. तो बघत राहत.
रात्री मला विचारत, काय रे, झोप लागली इथं?
लागली, सरकार.
मग मलाही लागेल, म्हणत.
लागत नसे. दाराबाहेर मला ऐकू येई.

शेवटच्या खेपेला, संगमावर,
पलंग जोडून झाला होता. उजाडलं.
चौघडेवाले टिपऱ्या धरून बसले, ऊन डोक्यावर आलं.
मग एकच स्वार आला, घोडा हातानं ओढत.
मालकांनी ऐकलं, पागोटं उतरवलं,
आणि मी पाहिलं, कुणी नाही पाहिलं,
खांदे किती हलके झाले त्यांचे.
मागं तीनशे पानांचा भात शिजला होता.

पलंग सोडायला मला कुणी सांगितलं नाही.
मी खाली फरशीवर आडवा झालो.
वर कुणी कूस बदलली असती
तर मला कळलं असतं.