कडी

चौथी कोंबडी गेली तेव्हा भरमाण्णा
थायमेटची पुडी घेऊन आला.
आतड्यांत कालवून ठेव म्हणाला,
सकाळी ओढ्याकडं उताणं सापडतंय बघ.

पुडी परत दिली.
त्याच परड्यात मल्लव्वाची पोरं
बोरं वेचून न धुता खातात.

परवा रात्री खुराड्याचं दार तिच्यामागं आपसूक पडलं.
बॅटरी मारली.
रानमांजर. कानांच्या टोकांना काळे केस,
तोंडात माझी कवडी, पंख अजून हलणारा.
फिस्कारली, वळली,
तेव्हा दिसलं पोट:
केस झिजलेले, आचळं ओली.

भरमाण्णा काठी घेऊन कुंपणापाशी.
मी दार वर धरलं आणि बाजूला झाले.
कवडी टाकून नाही गेली,
घेऊनच गेली.
‘हुच्ची!’ म्हणाला तो मला, आणि बराच वेळ
काठी जमिनीवर आपटत राहिला.

बाजारादिवशी खानापुरातनं जाळी आणली,
बोट जाणार नाही अशी बारीक.
हातभर चर खणला, जाळी पुरली, वर जांभे दगड.
कडीला तार गुंडाळली,
कडी पंजानं उघडते म्हणून.
आता दिवेलागणीआधी कोंबड्या आत,
टीव्हीवर काहीही चाललेलं असो.

येते ती अजून.
ओल्या मातीत ठसे, खुराड्याला दोन वेढे,
मग जांबोटीच्या रानाकडं.

‘आता खाती काय ती?’ भरमाण्णा विचारतो.
‘उंदीर,’ म्हणते मी.

यंदा माझ्या भाताच्या पोत्यांना
एकही भोक नाही.
हे त्याला सांगितलेलं नाही.
त्याला वाटायचं,
दार मी हिशेब करून उघडलं.